ऑनलाइन संतापाने मूड बिघडतो, ठरवूनही सुटत नाही: बिघाड कुठे आहे आणि दुरुस्ती कशी करायची

तक्रार साधारण अशी असते. फोन हातात घेतला तेव्हा काही बिनसलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने खाली ठेवला तेव्हा डोकं भणभणत होतं. कुणीतरी काहीतरी बरळलं होतं, कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला होता, त्याखाली हजारभर लोक तुटून पडले होते आणि आपणही मनातल्या मनात त्यात उतरलो होतो. मग तासभर कामात लक्ष लागत नाही. घरातल्या कुणी साधं काही विचारलं तरी उत्तर तिरसट जातं. रात्री पाठ टेकल्यावर, न दिलेली उत्तरं एकामागून एक सुचत राहतात. सकाळी ‘आता बास’ म्हणून अॅप काढून टाकलं जातं. काही दिवसांत ते परत येतं आणि त्याच्याबरोबर चिडचिडही.

‘फोन कमी वापर’ हा सल्ला यावर सगळेच देतात. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे, आणि माणसाला उगाच अपराधी वाटायला लावतो. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून हा त्रास परत येतो, असं मला मुळीच वाटत नाही. आपण मिनिटं मोजत बसतो आणि खरा बिघाड अर्धवट राहिलेल्या रागात असतो. शरीर भांडायला उभं राहतं, भांडण होतच नाही, आणि तेच ताणलेलं शरीर घेऊन आपण दिवसभर वावरतो. दुरुस्ती तिथे करायची आहे.

ही तक्रार तुमचीच आहे ना, ते आधी बघा

प्रत्येक उदासी फोनमुळे येत नाही, म्हणून आधी खातरजमा.

फोन उचलण्याआधी मनःस्थिती एका शब्दात लिहा, खाली ठेवल्यावर पुन्हा एका शब्दात. कागदावरच लिहा, फोनमध्ये लिहायला गेलात तर पुन्हा आत ओढले जाल. ‘थकवा’ आणि मग ‘चीड’. ‘कंटाळा’ आणि मग ‘चीड’. ‘ठीक’ आणि मग ‘कशातच अर्थ नाही’. चार-पाच दिवसांत चित्र दिसायला लागतं. याचा आणखी एक फायदा आहे. भावनेला नाव दिलं की तिची धार थोडी बोथट होते. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं होतं की चिडलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्दात पकडताना बघणाऱ्याच्या अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल मंदावते.

दुसरी तपासणी: काल कशाकशावर चिडलात ते आठवून बघा. बऱ्याचदा दोन-तीन गोष्टीच आठवतात, त्याही धूसर. नाव विसरलेलं असतं, मुद्दा विसरलेला असतो, मान मात्र आखडलेली असते. विषय पुसला गेलाय आणि ताण तेवढा उरलाय असं दिसलं तर निदान बरोबर आहे.

तिसरी: फोनपासून लांब राहिलेल्या दिवशी, प्रवासात, पाहुण्यांत, रेंज नसलेल्या ठिकाणी, मन कसं होतं? तेव्हाही तसंच जड असेल, झोप तशीच उडालेली असेल, तर मूळ दुसरीकडे आहे. अपुरी झोप, पैशांची काळजी, नात्यातला ताण, थायरॉइडचा त्रास, नैराश्य, यांपैकी काहीही असू शकतं. अशा वेळी मधले उपाय सोडून सरळ शेवटच्या भागाकडे जा.

बिघाड नेमका कुठे होतो

समजा एक अठरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. एक धडधाकट माणूस रांगेतल्या एका म्हाताऱ्याला ढकलतोय. आवाज फाटलेला, कॅमेरा हलतोय, वर जाड अक्षरांत लिहिलंय: ‘याला ओळखा.’ म्हातारा पडतो, त्याची चप्पल एका बाजूला उडते, व्हिडिओ तिथेच संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तो तीनदा बघितला जातो. तिसऱ्या वेळेपर्यंत आपला जबडा आवळला गेलाय, खांदे कानांकडे सरकलेत, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलाय. आपल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण सगळं लक्ष त्या चपलेवर आहे.

शरीराने स्वतःचं काम चोख केलेलं असतं. राग ही कृतीची तयारी असते. अॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, स्नायू ताठ होतात. तुम्ही त्या रांगेत असतात तर पुढे झाला असता, म्हाताऱ्याला उठवलं असतं, त्या माणसाचा हात धरला असता, आणि ती तयारी खर्ची पडून शरीर हळूहळू सैल झालं असतं. इथे हलला तो फक्त अंगठा. आणि अंगठ्याने पुढची पोस्ट आणली: एका पुढाऱ्याचं वक्तव्य. त्यापुढे कुणीतरी जनावराला दिलेला त्रास. त्यापुढे एखाद्या निकालावरून जुंपलेली लढाई. पहिला राग उतरायच्या आत दुसरा चढतो. ताणाच्या प्रसंगानंतर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, शिखराला पोहोचायलाच साधारण २० ते ३० मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात फीडवर, म्हणजे अॅपमध्ये एकामागून एक येणाऱ्या पोस्टच्या रांगेत, किती नवे प्रसंग येऊन जातात, ते तुम्हीच बघा.

आणि त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं? ते कळत नाही. कुणीतरी उठवलं असेल, औषधपाणी केलं असेल, ढकलणाऱ्याला चार लोकांनी सुनावलंही असेल. तो भाग कुणी टाकत नाही. म्हणून मन त्या जागी उघडंच राहतं आणि ‘काही कळलं का’ म्हणून माणूस परत परत आत जातो. त्रास परत परत होण्यामागे ही एक मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

घरच्यांवर राग का निघतो, याचं उत्तर जुनं आहे. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की एका प्रसंगाने शरीरात उरलेली उत्तेजना पुढच्या, संबंध नसलेल्या प्रसंगात मिसळते, आणि माणसाला वाटतं की सगळा राग या नव्या प्रसंगाचाच आहे. मुलगी वही घेऊन येते, “आई, हे बघ ना.” आई ओरडते, “थांब म्हटलं ना एकदा!” आईला त्या क्षणी खरंच वाटत असतं की मुलगीच फार मध्ये मध्ये करते. मुलीलाही तसंच वाटतं, आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं. ढकललं कुणी, चिडलं कोण आणि ऐकून घेतलं कुणी!

आता फीडच्या बाजूने बघू. काय दाखवायचं ते ठरवणारी यंत्रणा मुख्यतः तुम्ही किती वेळ थांबलात, पुन्हा बघितलंत का, खाली काही लिहिलंत का, पुढे पाठवलंत का, हे मोजते. चिडलेला माणूस थांबतो, लिहितो आणि पाठवतो. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरच्या पाच लाखांहून जास्त संदेशांचा अभ्यास केला. नीती-अनीतीशी जोडलेली भावना व्यक्त करणारा एकेक शब्द वाढला की संदेश पुढे जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं, आणि तेही मुख्यतः आपापल्याच गोटात. बातम्यांच्या मथळ्यांचंही तसंच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात मथळ्यातला प्रत्येक नकारात्मक शब्द क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढवताना दिसला. फेसबुकने २०१७ पासून इमोजीवाल्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, त्यात रागाचा लाल चेहराही होता. त्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणायला २०२० चा सप्टेंबर उजाडला.

हे फक्त वाचणाऱ्यापुरतं राहत नाही. ब्रेडी आणि मॉली क्रॉकेट यांच्या गटाने २०२१ मध्ये ७,३३१ लोकांचे १ कोटी २७ लाख ट्वीट तपासले. संतापाच्या पोस्टला लाइक आणि शेअर मिळाले की तोच माणूस पुढे आणखी संतापून लिहू लागतो, असं त्यांना आढळलं. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की मवाळ लोकांमध्ये वावरणाऱ्यांवर या शाबासकीचा परिणाम अधिक होता. म्हणजे आधीच भडक असलेल्यांपेक्षा शांत माणूस हळूहळू तापत जातो.

आणखी एक ठिकाण सांगते, जिथे भलेभले फसतात. विरुद्ध मताच्या लोकांचं सगळ्यात वाईट बोलणं आपल्यापर्यंत बहुधा आपल्याच बाजूचे लोक आणतात. स्क्रीनशॉट काढून, वर ‘बघा ही यांची लायकी’ असं लिहून. ते बोलणारा कदाचित चाळीस फॉलोअर असलेला कुणी असतो. पण दिवसातून दहा स्क्रीनशॉट बघितले की सगळी बाजूच तशी वाटू लागते. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये मोजलं तेव्हा तिथल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांपैकी १० टक्के लोक मिळून ८० टक्के ट्वीट लिहीत होते. उरलेले बहुसंख्य गप्प होते. शिवाय लिहिणारा जितका चिडलेला असतो त्यापेक्षा जास्त चिडलेला तो वाचणाऱ्याला वाटतो, हेही २०२३ मध्ये ब्रेडी यांच्याच एका अभ्यासात दिसलं. जग जेवढं खवळलेलं दिसतं तेवढं ते नसतं. आणि ‘सगळेच असे’ हा निष्कर्ष मूडला रागापेक्षाही खोल इजा करतो, कारण राग उतरतो, पण माणसांवरचा विश्वास गेला की तो सहजी परत येत नाही.

नेहमीचे उपाय कुठे फसतात

पहिला नेहमीचा उपाय म्हणजे मोकळं होणं. ‘लिहून टाक, डोकं शांत होईल.’ होत नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधावर अपमानास्पद शेरे मारून त्यांना चिडवण्यात आलं. काहींना त्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले राहिले, नुसते बसलेले सगळ्यात कमी. झोंबणारी कमेंट लिहिणं म्हणजे त्या माणसाला डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणंच. त्यात पुन्हा उत्तर आलं का, किती लाइक पडले, हे बघायला दिवसभर जावं लागतं. एक कमेंट म्हणजे दहा फेऱ्यांचं आमंत्रण.

दुसरा उपाय अॅप काढून टाकणं. त्याने खरोखर बरं वाटतं, हे नाकारता येणार नाही. अमेरिकेतल्या २०१८ च्या निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २,७४३ जणांच्या पाहणीत काहींना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला पैसे दिले. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, समाधान थोडं वाढलं, राजकीय कडवटपणा कमी झाला. पण बातम्यांची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावर त्या लोकांचा वापर आधीपेक्षा कमी राहिला, पण बहुतेक जण परतले. परतणारच. मित्र तिथे आहेत, कामाचे ग्रुप तिथे आहेत. परत आल्यावर फीड तेच, सवय तीच, आणि ‘आपल्याला जमलं नाही’ ही टोचणी वर. थोडा विसावा म्हणून अॅप काढा. दुरुस्ती म्हणून त्यावर विसंबू नका.

तिसरा, वेळेची मर्यादा. चाळीस मिनिटं मैत्रिणीच्या बाळाचे फोटो बघितले तर काही बिघडत नाही, आणि सहा मिनिटांच्या एका भांडणाने संध्याकाळ जाते. नुसतं घड्याळ लावून हा फरक कळत नाही.

दुरुस्ती: आधी शरीर

राग चढलाय हे लक्षात आलं की त्या क्षणी विचारांशी झगडू नका. शरीर तापलेलं असताना कितीही शहाणा विचार केला तरी तो रागाच्याच बाजूने धावतो. फोन उपडा ठेवा, दुसऱ्या खोलीत जमलं तर उत्तम. जबडा सोडा, खांदे खाली आणा, श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवा. पाच मिनिटं पुरतात असं नाही, दहा-पंधरा द्या.

‘पळून ये, घाम गाळ’ असा सल्लाही मिळतो. तब्येतीला तो चांगलाच, पण राग उतरवायला तितकासा उपयोगी नाही. सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा, दहा हजारांवर लोकांचा, एकत्र आढावा घेतला. श्वसन, शिथिलीकरण, ध्यान, संथ योगासनं अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग कमी झाला. नाडी वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूणात झाला नाही, जॉगिंगने तर वाढला. तेव्हा रागाच्या भरात धावायला जाण्यापेक्षा सावकाश चाला, किंवा हात गुंतवणारं एखादं मंद काम घ्या: कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, भांडी.

आणि घरच्यांना सांगा. “मी आत्ता काहीतरी वाचून तापलोय, दहा मिनिटं दे.” एवढं एक वाक्य मुलांनाही समजतं. त्यांना आपली चूक काय झाली ते शोधत बसावं लागत नाही.

मग रागाला वाट काढून द्या

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे सावकाश जाते.

राग हा काही रोग नाही. अन्याय बघून रक्त खवळतं हे माणूस शाबूत असल्याचं लक्षण आहे, आणि ‘सोड ना, तुला काय करायचंय’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अडचण अशी की रोज शंभर गोष्टींवर थोडा थोडा खर्च होऊन हा राग कुठल्याच गोष्टीच्या कामी येत नाही. आणि शंभर वेळा ‘मी काही करू शकत नाही’ हा अनुभव घेतलेलं मन हळूहळू हताश होतं. संतापाच्या मागून येणारी ती बधिर उदासी, ‘जाऊ दे, काहीच बदलणार नाही’, ती इथून येते.

शांत झाल्यावर एकच प्रश्न विचारा: येत्या आठवड्यात मी याबद्दल काही करणार आहे का? करणार असाल तर काय, ते कागदावर क्रियापदासकट लिहा. ‘तक्रार नोंदवणार.’ ‘अमुक संस्थेला पैसे पाठवणार.’ ‘प्रतिनिधीला पत्र लिहिणार.’ ‘शनिवारी दोन तास जाऊन मदत करणार.’ ‘ज्याच्यावर बेतलंय त्याला फोन करणार.’ लिहिलं की त्या विषयावरचं आणखी वाचन थांबवा. निर्णय झालेला असतो, आता आणखी व्हिडिओंची गरज नसते. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा: ‘हे वाईट आहे. मी याबद्दल काही करणार नाही.’ पहिल्यांदा हे वाक्य लिहिताना फार टोचतं. पण ते खरं असतं, आणि खरं लिहिल्यावर मनाला तो विषय उघडा ठेवायची गरज उरत नाही.

हे रोज करायचं तर विषय कमी हवेत. स्वतःचे दोन विषय निवडा. फक्त दोन. पाणी असेल, शिक्षण असेल, मुलींची सुरक्षितता असेल, प्राणी असतील, कामगारांचे हक्क असतील. निवडताना निकष एकच ठेवा: याबद्दल मला थोडंफार कळतं किंवा कळून घ्यायची तयारी आहे, आणि माझ्या हातून काही होऊ शकतं. या दोन विषयांवर मन लावून वाचा, मोठे लेख वाचा, त्यात काम करणारी माणसं शोधा, वेळ द्या. बाकीच्या अठ्ठ्याण्णव विषयांसाठी दुसरी माणसं आहेत यावर विश्वास ठेवा. असा विश्वास ठेवणं म्हणजे बेफिकिरी नव्हे. आगीच्या बंबावरचा माणूस आग विझवतो आणि प्रसूती करणाऱ्या नर्सवर प्रसूतीचं काम सोपवतो, म्हणून काही तो निष्ठुर ठरत नाही.

फीडची साफसफाई

हे काम एकदा तासभर बसून करा, आणि डोकं शांत असताना. सेटिंगची नावं अधूनमधून बदलतात, पण सोयी साधारण अशाच असतात.

यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास पुसून बंद ठेवला तर पहिल्या पानावरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात, जे हवं ते शोधून बघावं लागतं. एवढं टोकाला जायचं नसेल तर भडक चॅनेलच्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांत जाऊन ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ निवडा. एक्सवर ‘फॉर यू’ सोडून ‘फॉलोइंग’ वर राहा आणि ज्या शब्दांवरून तुमचा पारा चढतो ते म्यूट करा. फेसबुकवर मैत्री न तोडता अनफॉलो करता येतं, किंवा ३० दिवसांसाठी स्नूझ करता येतं, म्हणजे तेवढे दिवस त्यांच्या पोस्ट दिसत नाहीत. इन्स्टाग्रामवर सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस बंद ठेवता येतात. नोटिफिकेशन फक्त माणसांच्या थेट निरोपांची ठेवा. ‘तुमच्यासाठी ट्रेंडिंग’ वगैरे सगळं बंद.

कुणाला अनफॉलो करायचं? विरुद्ध मताच्या लोकांना हाकलू नका. त्यांच्यातली शांतपणे मांडणारी माणसं ठेवा, ती तुमच्या मनाला उलट बरी. काढायची ती माणसं जी तुमच्याच मताची आहेत आणि रोज कुणाचा तरी स्क्रीनशॉट आणून टाकतात. हे जड जातं, कारण ती ‘आपली’ असतात. तरी आधी त्यांनाच काढा, फरक सगळ्यात लवकर तिथे जाणवेल.

झोपेआधीचा तास आणि उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास फीड बघू नका. बाकी कुठलीच शिस्त जमली नाही तरी ही एक पाळा. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी राग लवकर येतो, लवकर राग आला की संध्याकाळ बिघडते, आणि हे चक्र झोपेच्या ठिकाणी तोडणं सगळ्यात सोपं जातं.

व्हॉट्सअॅपचा प्रश्न वेगळा, कारण तिथे पाठवणारे काका-मावशी असतात. ग्रुप कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. नवा मेसेज आला तरी तो वर येत नाही, आणि ग्रुप सोडल्याचा बोभाटाही होत नाही. जवळच्या माणसाशी ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर वाद घालण्यापेक्षा वेगळा मेसेज करा: “काका, असे व्हिडिओ बघून मला दिवसभर त्रास होतो. तुम्ही तुमची खुशाली कळवलीत तर मला जास्त आवडेल.” मान राखून सांगितलं तर बरेच जण ऐकतात. न ऐकणाऱ्यांसाठी म्यूट आहेच.

सगळं करूनही परत सुरू झालं तर

परत सुरू होतं ते बहुधा दोन वेळांना.

एक म्हणजे थकवा. दिवसभर कुणाचं तरी ऐकून घेतलेलं असतं, स्वतःचं काही चाललेलं नसतं, आणि रात्री कुणावर तरी हक्काने रागवायला मिळतं. त्या रागात जोर वाटतो, आपण बरोबर आहोत असं वाटतं. ही भूक खरी आहे. तिला लाजू नका, पण ओळखा. कागदावरच्या नोंदीत ‘थकवा, मग चीड’ असं सारखं दिसत असेल तर दुरुस्ती फोनची नसून संध्याकाळची आहे: लवकर जेवण, लवकर झोप, एखाद्या माणसाशी बोलणं.

दुसरी वेळ म्हणजे मोठी घटना. हल्ला, युद्ध, निवडणूक, अपघात. तेव्हा सगळ्या मर्यादा वाहून जातात, आणि ‘अशा वेळी बघायचं नाही तर कधी’ असं वाटतं. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर ॲलिसन होल्मन, डेना गार्फिन आणि रॉक्सेन सिल्व्हर यांनी साडेचार हजारांवर लोकांची पाहणी केली. त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ बातम्या आणि दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तेव्हा अशा दिवसांत ठरवून घ्या: दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एकाच भरवशाच्या ठिकाणी, आणि शक्यतो वाचून. रक्ताची दृश्यं बघून माहितीत भर पडत नाही. पहिल्या काही तासांतली माहिती तशीही अर्धी कच्ची असते.

एका प्रसंगात मात्र वरचं बरंचसं लागू पडत नाही. राग तुमच्यावरच येत असेल, तुमच्या समाजावर, तुमच्या ओळखीवर, तुमच्या लेखनावर झुंडीने तुटून पडणं चालू असेल, तर ‘बघू नका’ म्हणणं सोपं आहे आणि क्रूरही. तिथे खरा धोका असू शकतो, म्हणून कुणीतरी बघत राहायलाच हवं. पण ते तुम्हीच असायला हवं असं नाही. विश्वासातल्या एका माणसाला अकाउंट सोपवा, त्याने मेसेज वाचावेत, धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपावेत, तक्रार करण्याजोगं असेल ते वेगळं काढावं. तुम्ही त्याच्याकडून दिवसातून एकदा फक्त आवश्यक तेवढं ऐका. एकट्याने सगळं वाचत बसू नका. ज्यांचं कामच असलं साहित्य तपासण्याचं आहे, पत्रकार, मॉडरेटर, वकील, त्यांनीही पाळीपाळीने बघावं, आवाज बंद करून आणि चौकट लहान करून बघावं, आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या कामाला जाण्याआधी मध्ये मोकळा वेळ ठेवावा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

दोन आठवडे किंवा जास्त काळ मन बहुतेक वेळ उदास असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, छातीत धडधड होत असेल, रागाच्या भरात हात उगारला जात असेल, तर फोनच्या सेटिंगवर आणखी वेळ घालवू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं, असे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि आजच मदत घ्या, वेळ मिळेल तेव्हा असं म्हणू नका.

जाताना तो कागद बरोबर न्या, फोन उचलण्याआधीच्या आणि ठेवल्यानंतरच्या शब्दांचा. रात्री किती वाजता झोपता, मध्ये किती वेळा जाग येते, जाग आल्यावर फोन बघता का, घरी कुणावर किती वेळा ओरडलात, हेही त्यावर लिहा. ‘हल्ली खूप चिडचिड होते’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही, या नोंदींवरून पुष्कळ कळतं.